मळसूत्री मेख आणि आपली भूमी

तंबू उभारावयाचा म्हटला म्हणजे सर्वांचे लक्ष प्रथम कापडाकडे जाते, मग खांबाकडे आणि दोरांकडे. मेखांची पिशवी मात्र कोपऱ्यात पडलेली असते. ती शेवटी उघडली जाते आणि तिच्यातील मेखा हाती येतील तशा, दिसेल तेथे ठोकल्या जातात. पुढे रात्री वारा सुटला आणि तंबू कलला म्हणजे दोष कापडाला दिला जातो. वास्तविक कापड फाटण्याच्या किंवा खांब मोडण्याच्या कितीतरी आधी मेख उपटलेली असते. एखाद्या गोष्टीतील अवघड मर्माला आपल्या भाषेत ‘मेख’ म्हणतात. तंबूच्या बाबतीत हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हा विषय केवळ सहलीच्या आणि स्काउट पथकाच्या उपयोगाचा आहे, असे कोणी समजू नये. दख्खनचा बराचसा इतिहास डेऱ्यांत व राहुट्यांत घडला आहे. १६५७ साली औरंगजेबाने बिदर व कल्याणी हे किल्ले घेतले, तेव्हा त्याच्या फौजा याच माळरानांवर तळ देऊन होत्या. आजही आषाढीच्या वारीत हजारो वारकरी रोज नव्या गावच्या शिवारात तंबू ठोकतात. आळंदीहून निघालेली पालखी दिवेघाट चढून सासवड-जेजुरीच्या मुरमाड रानातून जाते आणि पुढे माळशिरस-वेळापूरच्या बाजूस काळ्या मातीत उतरते. तंबू तेच असतात, मेखा त्याच असतात, पण पायाखालची जमीन दर मुक्कामी बदलते.

याहून गंभीर प्रसंग आपल्या शेजारीच घडला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जी वाचली, ती उघड्यावर आली आणि त्यातच पावसाने गाठले. अशा वेळी तंबू हेच घर होते. ज्या कुटुंबाच्या डोक्यावर कापडाचे एवढेच छप्पर उरले आहे, त्याच्या दृष्टीने एक मेख उपटणे ही लहान गोष्ट नाही. म्हणून मेखेचे शास्त्र प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे, असे आम्हांस वाटते.

साधी मेख आणि मळसूत्री मेख

साधी मेख म्हणजे लाकडाची खुंटी किंवा लोखंडी सळई. ती मोगरीने अथवा घणाने ठोकतात. तिच्या अंगाला चिकटलेली माती तिला घर्षणाने धरून ठेवते आणि तिच्या एका बाजूची माती दोराच्या ओढीला विरोध करते. तिचा माथा तंबूपासून दूर कलता ठेवावा, म्हणजे तणाव्याची दोरी आणि मेख यांत जवळजवळ काटकोन होतो व ती सहजासहजी उपटत नाही.

मळसूत्री मेख निराळ्या तत्त्वावर चालते. हिच्या दांडीभोवती स्क्रूप्रमाणे आटे असतात, किंवा खालच्या टोकाजवळ एक रुंद पाते वेटोळ्यासारखे बसविलेले असते. माथ्याशी मूठ अथवा कडी असते. ही मेख ठोकावयाची नसून उजवीकडे फिरवीत जमिनीत उतरवावयाची असते. ती पूर्ण उतरली म्हणजे पात्याच्या वर मातीचा एक मोठा घास बसतो. आता दोर ओढला गेला, तर केवळ दांडीचे घर्षण सोडवून भागत नाही. पात्यावरचा तो सारा मातीचा गोळा उचलावा लागतो. हा गोळा वर रुंद होत जातो. त्यामुळे पाते जितके खोल, तितका तो अनेक पटींनी मोठा. अर्धवट उतरवलेली मेख अर्धे काम करील, हा समज त्यामुळेच चुकीचा आहे. ती अर्ध्याहूनही पुष्कळ कमी काम करते.

मळसूत्र म्हणजे दांडीभोवती गुंडाळलेला उतार, हे आपण भौतिकशास्त्रात शिकतो. एक उदाहरण घेऊ. मेखेची मूठ मध्यापासून १५ सेंटिमीटर लांब आहे आणि दोन आट्यांमधील अंतर २ सेंटिमीटर आहे असे समजा. एका फेऱ्यात हात सुमारे ९४ सेंटिमीटर फिरतो आणि मेख २ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे घर्षण मुळीच नसते, तर हाताच्या जोराच्या ४७ पट जोर मेखेच्या टोकाशी मिळाला असता. प्रत्यक्षात यातील बराच भाग घर्षण खाऊन टाकते. पण तेच घर्षण आपले मित्रही आहे. दोराने कितीही ओढले तरी मेख आपोआप उलटी फिरून बाहेर येत नाही, ती त्या घर्षणामुळेच.

याच हिशेबातून एक उपयुक्त कसोटी मिळते. मेख उतरवताना फेरे मोजावेत. वरील मेख दहा फेऱ्यांत २० सेंटिमीटर गेली पाहिजे. ती फिरत आहे पण खाली जात नाही, असे दिसले की समजावे, आटे मातीला धरत नसून तिला नुसते ढवळीत आहेत. ढवळलेली माती भुसभुशीत होते आणि तिच्यात मेखेला आधार राहत नाही. अशी मेख तेथेच दाबून बसवू नये. काढून दोन हात पलीकडे नवी जागा घ्यावी.

वाऱ्याचा जोर किती

मेखेवर किती भार येतो, याची कल्पना असणे आवश्यक आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या दर चौरस मीटरवर सुमारे १२ किलो वजनाइतका दाब देतो. तंबूची एक बाजू ४ चौरस मीटर धरली, तर हा भार ४८ किलोच्या आसपास होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे ताशी ८० किलोमीटरचा वारा त्याच बाजूवर जवळजवळ १२० किलोचा भार आणतो. तो सर्व मेखांवर सारखा वाटला जात नाही. वाऱ्याच्या तोंडावरील दोन-तीन मेखांनाच त्यातील मोठा वाटा सोसावा लागतो. वैशाख-ज्येष्ठात वळवाच्या पावसाआधी आपल्याकडे जी वावटळ उठते, ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे आकडे पटण्यास वेळ लागणार नाही.

एका अंध अभियंत्याची कल्पना

मातीत मळसूत्र फिरवून बांधकामाला आधार देण्याची कल्पना प्रसिद्धीस आणली ती अलेक्झांडर मिचेल या आयर्लंडमधील अभियंत्याने. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. १८३३ साली त्याने मळसूत्री खांबाचे पेटंट घेतले. समुद्रातील चिखलवाळूत दगडी पाया टिकत नाही. तेथे टोकाशी रुंद पाते असलेले लोखंडी खांब फिरवून उतरवावेत आणि त्यांवर बांधकाम करावे, अशी त्याची युक्ती होती. थेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या मॅप्लिन वाळूवरील दीपगृहासाठी असे खांब १८३८ साली उतरविण्यात आले. पुढे हीच युक्ती आपल्या किनाऱ्यावर आली. मुंबई, बडोदा व मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत पोहोचला; त्या मार्गावरील वसईच्या खाडीवर पूल उभारताना असेच मळसूत्री खांब वापरले गेले. आगगाडीचा भार खाली दाबतो आणि तंबूचा दोर वर ओढतो, एवढाच काय तो फरक. दोन्हीकडे काम करते ते रुंद पाते आणि त्याला धरणारी माती.

जमिनीची ओळख

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मंठाळ हे बसवकल्याण तालुक्यातील गाव बिदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. या पट्ट्यात थोड्याथोड्या अंतरावर जमीन पालटते. कोठे काळी कसदार, कोठे तांबडी, कोठे मुरमाड माळ, तर बिदर-हुमनाबादकडे जांभ्याचे पठार. प्रत्येक जमिनीला मेखेने निराळ्या रीतीने भेटावे लागते.

काळी माती प्रथम घेऊ. हिच्यात पाणी मिळताच फुगणारी व वाळताच आकसणारी मातीची खनिजे असतात. त्यामुळे हिची तीन रूपे दिसतात. उन्हाळ्यात ही दगडासारखी कठीण होते आणि हिला हात-हात खोल भेगा पडतात. भेगेच्या काठावर मेख बसविली, तर दोराच्या ओढीने मेखेसह अख्खे ढेकूळ उचलून येते. म्हणून भेगांच्या मधला अखंड तुकडा निवडावा. वरचा थर फारच टणक असेल तर तांब्याभर पाणी ओतून काही वेळ थांबावे आणि मग मेख फिरवावी. पावसाळ्यात याच्या उलट होते. मेख लोण्यात सुरी जावी तशी उतरते आणि माणसाला वाटते, काम छान झाले. पण जी माती सहज आत घेते, ती सहज सोडतेही. चिखलात अरुंद आट्यांची मेख निरुपयोगी. तेथे लांब दांडीची व रुंद पात्याची मेख हवी आणि एकेका दोराला दोन मेखा लावाव्यात. या दोन टोकांच्या मधली अवस्था म्हणजे वाफसा. शेतकरी ज्या वेळी पेरणीला जमीन योग्य मानतो, तीच वेळ मळसूत्री मेखेलाही उत्तम. माती फिरवू देते आणि घट्ट धरूनही ठेवते.

काळ्या मातीचा आणखी एक धर्म लक्षात ठेवावा. ओल असताना बसविलेली मेख चार दिवसांचे ऊन पडले की सैल होते, कारण माती आकसून तिच्यापासून दूर सरकते. अनेक दिवसांच्या मुक्कामात रोज सकाळी प्रत्येक मेख हाताने हलवून पाहावी आणि सैल वाटल्यास एक-दोन फेरे द्यावेत.

मुरमाड जमिनीत निराळीच अडचण येते. मुरूम म्हणजे झिजलेला, कुजलेला काळा पाषाण. त्यात खडे असतात. रुंद पाते खड्याला अडते, आणि जोर केला तर पाते वाकते किंवा मूठ पिळवटते. येथे जाड सळईवर अरुंद आटे असलेली मेख चालते. आधी पहारीने बारीक भोक पाडावे. ते आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा लहान असावे, नाही तर आट्यांना धरावयास काहीच उरणार नाही. दोन-तीन ठिकाणी प्रयत्न करूनही मेख अडत असेल, तर हट्ट सोडून साधी लोखंडी सळई घणाने ठोकावी. मुरमात ती उत्तम बसते. नव्या साधनाच्या अभिमानापायी जुने योग्य साधन टाकू नये.

जांभा आणि उघडा खडक येथे मळसूत्राचे काहीच चालत नाही. जांभा ताजा खणला असता मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कठीण होत जातो. बिदरच्या किल्ल्याभोवतालचा तिहेरी खंदक याच जांभ्यात खोदलेला आहे, यावरून त्याचा टिकाऊपणा ध्यानात येईल. अशा भूमीवर मोठे धोंडे गोळा करून त्यांना तणावे बांधावेत, किंवा आडव्या लाकडाला दोर बांधून लाकडावर दगड रचावेत. किल्ल्यांच्या, देवळांच्या व अन्य पुरातन वास्तूंच्या आवारात तर कोणतीही मेख ठोकू अगर फिरवू नये. तो वारसा आपल्या एका रात्रीच्या सोयीसाठी नाही.

मांजरा, कारंजा यांसारख्या नद्यांच्या काठी वाळू भेटते. वाळूच्या कणांना परस्परांची ओढ नसते. तेथे आधार मिळतो तो केवळ वरच्या वाळूच्या वजनाचा व कणांच्या घर्षणाचा. म्हणून वाळूत पाते जितके रुंद व जितके खोल, तितके चांगले. वरची कोरडी वाळू हाताने बाजूला सारून खालच्या ओलसर थरापासून मेख फिरवावी. रुंद पात्याची मेख नसेल, तर वाळूने भरलेले पोते दोर बांधून हातभर खोल पुरावे. ते मेखेपेक्षाही चांगले काम देते. मात्र पावसाळ्यात नदीच्या पात्रात तंबू मारूच नये. वर कोठे पाऊस झाला हे आपणांस कळण्याआधी पाणी येते.

राहिली हरळीने बांधलेली गवताळ जमीन. तिच्या मुळांचे जाळे माती एकत्र धरून ठेवते, आणि मळसूत्री मेख तेथे सर्वांत निश्चिंतपणे उभी राहते. याउलट नुकतीच नांगरलेली जमीन दिसावयास मऊ व सोयीची, पण मेखेला फसवी. ढेकळांच्या थराखालची न नांगरलेली माती गाठेल इतकी लांब मेख नसेल, तर तेथून दूर व्हावे हेच श्रेयस्कर.

उतरविण्याची व काढण्याची रीत

मेख जमिनीला टेकवून प्रथम दोन-तीन फेरे सावकाश द्यावेत व ती सरळ आहे ना हे पाहावे. सुरुवातीस डगडग झाली तर भोक रुंदावते आणि ते पुन्हा अरुंद होत नाही. पुढे खाली थोडा दाब देत एकसारख्या गतीने फिरवावे. हल्ली विजेरीवर चालणाऱ्या ड्रिलनेही मेखा उतरवितात. त्याने श्रम वाचतात. पण हाताला जी जाणीव होते, ती यंत्राला होत नाही. आटा सुटून माती ढवळली जाऊ लागली, हे हाताला ताबडतोब कळते. म्हणून शेवटचे चार-पाच फेरे हातानेच द्यावेत, असा आमचा आग्रह आहे. कडी जमिनीला टेकेपर्यंत मेख उतरवावी. ती वर राहिली, तर दोराला तेवढा तरफेचा हात मिळतो आणि दांडी वाकते. शिवाय अंधारात पाय अडकून माणूस पडतो. दोराला एक पांढरी चिंधी बांधून ठेवणे केव्हाही चांगले.

मेख काढताना ती उपटू नये. डावीकडे फिरवीत बाहेर घ्यावी, चिकटलेली माती खरवडावी, पुसून तेलाचा हात लावावा. मागे राहिलेले भोक मातीने भरून पायाने दाबावे. तसे न केल्यास त्यात बैलाचा खूर अडकू शकतो. त्याचप्रमाणे शेताच्या बांधात मेख फिरवू नये, मालकाची परवानगी घेतल्याखेरीज शिवारात शिरू नये आणि जमिनीखालून विजेची तार किंवा ठिबकाची नळी गेली आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

वाचून झालेले ज्ञान हाताने पडताळून पाहावे. एक साधी सळईची मेख, एक अरुंद आट्यांची व एक रुंद पात्याची, अशा समान लांबीच्या तीन मेखा घ्याव्यात. काळ्या जमिनीत, मुरमाड माळावर व नदीकाठच्या वाळूत त्या सारख्या खोलीपर्यंत बसवाव्यात. प्रत्येकीला ताणकाटा लावून शिक्षकांच्या देखरेखीखाली हळूहळू ओढावे. मेख एक बोटभर हलेल त्या क्षणी काट्यावर किती किलो दिसतात, ते वहीत लिहावे. ओढीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, कारण मेख अकस्मात सुटून अंगावर येऊ शकते. हाच प्रयोग एकदा मे महिन्यात व एकदा श्रावणात करावा. एकाच मेखेचे एकाच जागी दोन ऋतूंत किती भिन्न आकडे येतात, हे पाहिले म्हणजे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक बोध होईल.

त्या बोधाचे सार आम्ही एका वाक्यात सांगू: मेखेचे बळ लोखंडात नसते, मातीत असते. लोखंड बाजारात मिळते, पण मातीची पारख बाजारात मिळत नाही. ती आपल्या शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. वाफसा केव्हा आला, मुरूम किती खोलीवर लागेल, कोणती जमीन चिबड आहे, हे आपल्या आजोबांना पायाच्या स्पर्शाने कळते. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या खेपेस तंबूची पिशवी उघडण्याआधी त्यांच्यापैकी कोणाला तरी विचारा, मूठभर माती हातात घेऊन चुरून पाहा, आणि मगच कोणती मेख काढावयाची ते ठरवा. त्या रात्री वारा सुटला, तरी तुमच्या भरवशावर तंबूत निजलेली माणसे निर्धास्त झोपतील.